डेटाबेसचा विषय तासिका तत्त्वावर घेताना: करार, अभ्यासक्रम, प्रॅक्टिकल

सह्यवारा

एका स्वायत्त महाविद्यालयात बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या द्वितीय वर्षाला डेटाबेस हा विषय तासिका तत्त्वावर घ्यायचा आहे. २ क्रेडिट थिअरी, २ क्रेडिट प्रॅक्टिकल, वर्गात ६० मुलं, प्रॅक्टिकलच्या तीन बॅचेस. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पॅटर्न बदलतोय, म्हणून अभ्यासक्रमाचा मसुदाही शिकवणाऱ्यानेच करून द्यायचा आहे.

नेमणुकीआधी काय काय लेखी घ्यावं? ३० तासांत किती बसतं? प्रॅक्टिकलला नेमकं काय ठेवावं? ज्यांनी हा विषय घेतलाय त्यांनी तपशिलात लिहावं. "मुलांना रस वाटेल असं शिकवा" यापुढचं हवं आहे.

---

मस्टर

आधी तासांचा हिशोब मांडा. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे थिअरी ३० आणि प्रॅक्टिकल ६०. पण हे ६० तास एका बॅचचे. तिन्ही बॅचेस तुमच्याकडे असतील तर १८०, थिअरी धरून सत्राला २१०, आठवड्याला १४ तास. फक्त शनिवार देऊ शकणाऱ्याला हे जमणार नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: तिन्ही बॅचेस माझ्याकडे, की एकच?

मग दर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २०१९च्या मार्गदर्शक सूचनेत अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं आहे. प्रत्यक्षात दर शासन किंवा संस्था ठरवते आणि तो बऱ्याचदा याहून कमी असतो, त्यामुळे नेमणूकपत्रावरचा आकडाच खरा. १५०० धरले तरी ३३ तासांत ४९,५०० होतात. आठवड्याला १४ तास म्हणजे महिन्याला ५६. प्रॅक्टिकलचा तास पूर्ण धरला तर मर्यादेवरचं सगळं काम फुकट. प्रॅक्टिकलचा तास बऱ्याच ठिकाणी अर्धा धरतात, तेही आधी विचारा.

लेखी घ्यायच्या बाकी गोष्टी: प्रश्नपत्रिका काढणं, उत्तरपत्रिका तपासणं, प्रॅक्टिकलची परीक्षा आणि अभ्यासक्रमाचा मसुदा, या चारही कामांचं मानधन वेगळं की तासातच धरलेलं. कॉलेजच्या कार्यक्रमामुळे रद्द झालेल्या तासाचं काय. इंटर्नलचे (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे) गुण कोण भरणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

मस्टरवर (हजेरीपत्रकावर) सही त्याच दिवशी करा आणि समोर घेतलेला मुद्दाही लिहा. बिलं मस्टरवरून निघतात. महिनाअखेरीला आठवून भरलेल्या नोंदी टाइमटेबलशी जुळत नाहीत आणि बिल परत येतं. टीडीएस कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. दुसरीकडे पूर्णवेळ नोकरी असेल तर तिथलं ना-हरकत पत्र नेमणुकीआधी हातात हवं.

---

उंबरठा

नोट्सच्या मालकीचंही ठरवून घ्या, हा मुद्दा हमखास राहून जातो. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १७ नुसार लेखनाचा पहिला मालक लेखकच. पण नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक नोकरी देणारा. तासिकेवरचा माणूस नोकर की सेवा पुरवणारा, हे नेमणूकपत्राच्या शब्दांवर ठरतं. म्हणून एक ओळ घालून घ्या: "अध्यापन साहित्याचे हक्क लेखकाकडे, महाविद्यालयाला विनाशुल्क वापराची मुभा." अभ्यासक्रमाचा मसुदा मात्र मंजूर झाला की संस्थेचाच समजा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसऱ्यांचं साहित्य वर्गात वापरण्याबद्दल कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही सूट बरीच व्यापक मानली. पण वर्गासाठी प्रत काढणं वेगळं आणि अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ खुल्या वेबसाइटवर टाकणं वेगळं.

---

दुसरा_टर्मिनल

अभ्यासक्रमाबद्दल लिहितो. कागदावर १५ आठवडे असतात. विषम सत्रात गणपती, इंटर्नल, नवरात्र आणि दिवाळी वजा केली की धड १२ उरतात. म्हणून ३० तास लिहा, पण २४ मध्ये संपेल असं बांधा.

माझी वाटणी: रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत मांडणं) आणि कीज (ओळ ओळखून देणारे कॉलम) ४ तास, एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) ९ (त्यातच रिलेशनल अल्जिब्राचे २), ईआर (वस्तू आणि त्यांच्या संबंधांची आकृती) ५, नॉर्मलायझेशन (पुनरावृत्ती टाळायला टेबलं फोडणं) ५, ट्रान्झॅक्शन (सगळी होतात किंवा एकही होत नाही अशा कामांचा गट) ४, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) ३. वेळ कमी पडला तर अल्जिब्रा आणि ईआरचे विस्तारित प्रकार आखडता येतात. ट्रान्झॅक्शन आखडू नका. ते शेवटी असतं म्हणून दरवर्षी तेच घाईत उरकलं जातं आणि मुलं एसीआयडीची (ट्रान्झॅक्शनच्या चार गुणधर्मांची) चार नावं पाठ करून बाहेर पडतात.

क्रम असाच का? प्रॅक्टिकल आठवड्याला ४ तास आणि थिअरी २, त्यामुळे लॅब नेहमी वर्गाच्या पुढे पळते. ईआरपासून सुरुवात केली तर पहिले तीन आठवडे लॅबमध्ये करायला काही नसतं आणि मुलं जर्नलमध्ये आकृत्या उतरवत बसतात. पहिल्याच दिवशी भरलेला डेटाबेस द्या आणि त्यावर सिलेक्ट (डेटा वाचायची आज्ञा) चालवायला लावा.

आणि तो डेटाबेस नीट बांधा. सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे घाला, स्लाइडवर नाही. सत्रभर एकच डेटाबेस पुरवा. एसटी आरक्षणाचं उदाहरण चांगलं चालतं, कारण एसटी सगळ्यांना ठाऊक असते. सुरुवातीला मुद्दाम एकच सपाट टेबल द्या: तिकीट क्रमांक, प्रवासी, मोबाइल, बस, प्रवासाची तारीख, मार्ग, आगार, आगाराचा फोन, आसन, भाडं. साधारण ४०० ओळी. मग तीन कामं सांगा. एका आगाराचा फोन बदला: किती ओळी बदलल्या ते मोजा. एखाद्या छोट्या आगाराचं एकुलतं एक तिकीट रद्द करा: आता त्या आगाराचा फोन कुठे आहे? अजून एकही तिकीट न विकलेलं नवं आगार घाला: घालताच येत नाही. तीन अॅनॉमलींची (बदलताना, काढताना, घालताना होणाऱ्या गडबडींची) व्याख्या फळ्यावर यायच्या आधी त्या हाताखालून गेलेल्या असतात.

इथेच एक जागा जपा. मार्गावरून भाडं ठरतं, म्हणून मुलं भाडं तिकिटाच्या टेबलातून काढून मार्गाच्या टेबलात नेतात आणि तिसरा नॉर्मल फॉर्म (नॉर्मलायझेशनची तिसरी पायरी) झाला म्हणून खूश होतात. आता मार्गाचं भाडं वाढवा आणि मागच्या महिन्याचं उत्पन्न काढायला सांगा. जुन्या तिकिटांची रक्कमही वाढलेली दिसते. तिकिटावरचं भाडं ही त्या दिवशी घेतलेली रक्कम आहे. मार्गाचं आजचं भाडं वेगळी गोष्ट. नावं सारखी, अर्थ वेगळे. डिपेंडन्सी (एका कॉलमवरून दुसरा ठरणं) म्हणजे काय हे या एका प्रश्नावर जितकं पोचतं तितकं ए, बी, सी, डी अक्षरांच्या दहा गणितांवर पोचत नाही.

---

ओवी_के

ईआर मागे टाकायला माझा विरोध आहे. तयार टेबलांवर सहा आठवडे घालवले की मुलांना टेबलं आभाळातून पडतात असं वाटायला लागतं. मग प्रोजेक्टमध्ये कोऱ्या कागदावरून सुरुवात करताना अडतात. ईआरचे किमान २ तास पहिल्या पंधरवड्यात ठेवा: फक्त एन्टिटी, रिलेशनशिप, एकास-अनेक आणि अनेकास-अनेक. वीक एन्टिटी, स्पेशलायझेशन वगैरे नंतर.

बाकी भाड्याचं उदाहरण उचलते आहे.

---

दुसरा_टर्मिनल

हे मान्य. २ तास आधी, ३ नंतर, असं फोडता येईल. तयार डेटाबेसची आकृती मुलांकडून उलटी काढून घेतली तर दोन्ही साधतं.

---

पोर्ट_५४३२

लॅबबद्दल. अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती लिहू नका, "रिलेशनल डीबीएमएस" (टेबलांचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) एवढंच लिहा. आवृत्ती लॅब मॅन्युअलमध्ये. एकदा मंजूर झालेल्या अभ्यासक्रमातला एक शब्द बदलायलाही पुन्हा अभ्यास मंडळाकडे जावं लागतं.

निवड मात्र जपून करा. बऱ्याच लॅबमध्ये झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेसचा तयार संच) असतं. त्यात मायएसक्यूएल नव्हे, मारियाडीबी येतो आणि तो मुळात ग्रुप बायबाबत (ओळींचे गट करण्याबाबत) ढिला असतो. "विभागनिहाय सर्वाधिक गुण आणि त्या विद्यार्थ्याचं नाव" असं मुलं एका ग्रुप बायमध्ये लिहितात. गुण बरोबर येतात, शेजारी त्या विभागातलं कुठलं तरी नाव येतं. एरर नाही, त्यामुळे चूक कुणाला कळत नाही. पोस्टग्रेस हा दुसरा डीबीएमएस तिथेच अडवतो. मारियाडीबीच वापरायचा असेल तर एसक्यूएल मोडमध्ये 'ओन्ली फुल ग्रुप बाय' सुरू करून घ्या.

पोस्टग्रेस घेतला तर तीन ठिकाणी अडाल. एक, जुनी मॅन्युअल. आवृत्ती १५ पासून पब्लिक स्कीमात (टेबलांच्या सामाईक कप्प्यात) कुणालाही टेबल बनवण्याची मुभा काढून टाकली आहे. सर्व्हरवर मुलांचे रोल (लॉगिन) बनवून जुन्या पायऱ्या चालवल्या की पहिल्याच क्रिएट टेबलला "परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक" येतं. मुभा परत देऊ नका. प्रत्येकाला स्वतःचा रोल आणि त्याच नावाची स्कीमा द्या. सर्च पाथ (टेबल शोधायचा क्रम) मुळात रोलच्या नावाची स्कीमा आधी बघतो, म्हणून वेगळं काही सांगावं लागत नाही आणि एकाचं टेबल दुसऱ्याच्या हातून उडत नाही. ६० रोल हाताने बनवू नका, हजेरीच्या यादीवरून स्क्रिप्ट काढा.

दोन, कनेक्शन. मुळातली मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. पीजीअॅडमिन (पोस्टग्रेस हाताळायचं खिडक्यांचं साधन) प्रत्येक क्वेरी खिडकीला नवं कनेक्शन उघडतो. २० मुलं एकेक खिडकी उघडी टाकत गेली की नवं कनेक्शन मिळेनासं व्हायला वेळ लागत नाही. मर्यादा २०० करा (बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट लागतो) आणि शक्यतो पीएसक्यूएलवर (टर्मिनलमधल्या साधनावर) काम करायला लावा.

तीन, सर्व्हर मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवरून ऐकतो. लिसन अॅड्रेसेस बदला आणि पीजी_एचबीए फाइलमध्ये (कुणाला जोडू द्यायचं ती यादी) लॅबच्या नेटवर्कची ओळ घाला. दोन्हींपैकी एकच केलं तर जोडणी होत नाही. एररवरून ओळखता येतं: "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे पहिलं राहिलं, "नो पीजी_एचबीए एन्ट्री" म्हणजे दुसरं.

हे सगळं सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी लॅब असिस्टंटना सोबत घेऊन करा. तुम्ही आठवड्यातून एकदा येणार, रोज सर्व्हर सांभाळणार ते.

---

दुसरा_टर्मिनल

पोस्टग्रेसबद्दल भर. पुस्तकात डर्टी रीडचं (दुसऱ्याचा अजून पक्का न झालेला बदल वाचण्याचं) उदाहरण असतं आणि मॅन्युअलमध्ये "डर्टी रीड दाखवा" असं प्रॅक्टिकल ठेवलेलं असतं. पोस्टग्रेसवर ते होत नाही. आयसोलेशन (ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ती पातळी) रीड अनकमिटेड ठेवली तरी तो रीड कमिटेडसारखाच वागतो. मुलं तासभर आपलं काय चुकलं ते शोधत राहतात.

त्याऐवजी डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकून राहणं) दाखवा, तो हमखास होतो. दोन टर्मिनल उघडा, दोन्हींत बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू करायची आज्ञा). पहिल्यात आसन १ अपडेट, दुसऱ्यात आसन २ अपडेट. मग पहिल्यात आसन २: कर्सर थांबतो. दुसऱ्यात आसन १: एका सेकंदात दोघांपैकी एकात "डेडलॉक डिटेक्टेड" येतं आणि दुसऱ्याचं काम पुढे सरकतं. एक सेकंद ही डेडलॉक टाइमआउटची मुळातली मुदत आहे. हे फसतं ते बहुतेक वेळा बिगिन लिहायचं राहिल्यामुळे. प्रत्येक अपडेट आपोआप कमिट (पक्कं) होतं आणि कुणीच कुणासाठी थांबत नाही. दुसरं, एरर आलेल्या खिडकीत रोलबॅक (ट्रान्झॅक्शन मागे घेणं) न करता पुढचं काहीही लिहिलं तरी "करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड" येत राहतं. मुलं खिडकी बंद करून नवी उघडतात. तसं करू देऊ नका, तिथेच थांबवून का ते विचारा.

त्याला जोडून दुसरं प्रॅक्टिकल: एकाच आसनाचं दोनदा आरक्षण. दोन्ही टर्मिनलवर आसन १२ मोकळं आहे का बघा, दोन्हीकडे "हो" येतं. दोन्हीकडून इन्सर्ट करा, कमिट करा: दोन तिकिटं. आता बस, तारीख आणि आसन यांवर युनिक कन्स्ट्रेंट (तेच पुन्हा येऊ न देणारं बंधन) लावा (आधीची जोडी काढून टाकावी लागते, नाहीतर कन्स्ट्रेंट लागतच नाही) आणि पुन्हा करा. या वेळी दुसरं इन्सर्ट पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबतं आणि मग नाकारलं जातं. आधी तपासून मग घालणं पुरत नाही, हे त्या थांबलेल्या कर्सरकडे बघून कळतं.

इंडेक्सचं प्रॅक्टिकल ४०० ओळींवर करू नका. इंडेक्स बनवूनही एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या आज्ञेत) सीक्वेन्शियल स्कॅनच (पूर्ण टेबल वाचणंच) दिसतो, कारण एवढं छोटं टेबल सरळ वाचणंच स्वस्त. मुलांना वाटतं इंडेक्स चालत नाही. जनरेट सीरीजने (आकड्यांची रांग बनवणाऱ्या फंक्शनने) ओळी भरा, पण प्रत्येकाला १० लाख दिल्या तर एका बॅचच्याच २ कोटी होतात आणि लॅबचा सर्व्हर बसतो. दोन लाख पुरतात. भरून झाल्यावर अॅनलाइझ (टेबलाची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा. मग तीन क्वेरी शेजारी शेजारी: मोबाइल नंबरवर शोध, इंडेक्स वापरला जातो. दोनच वेगवेगळी मूल्यं असलेल्या कॉलमवर शोध, इंडेक्स असूनही वापरला जात नाही. "पाटील"ने संपणारी नावं, साधा इंडेक्स उपयोगाचा नाही, कारण सुरुवातच माहीत नाही.

---

सह्यवारा

खूप कामाचं आहे हे. आता मूल्यमापनाचं सांगा. ६० मुलांची जर्नल्स एकसारखी येतात आणि एआयकडून क्वेरी लिहून घेणं तर सर्रास. तपासायला एका माणसाकडे किती वेळ असणार?

---

ओवी_के

जर्नलला गुण कमीत कमी ठेवा. ते उतरवलेलंच असतं, ते तपासण्यात तुमचे तास घालवू नका.

क्वेरी आपोआप तपासता येतात. अपेक्षित उत्तर आणि मुलाचं उत्तर यांच्यात एक्सेप्ट ऑल (पहिल्यात असून दुसऱ्यात नसलेल्या ओळी देणारी आज्ञा) दोन्ही दिशांनी लावा. दोन्हीकडे शून्य ओळी आल्या तर उत्तर जुळलं. एकाच दिशेने लावलं तर कमी ओळी देणारी क्वेरीही पास होते. नुसतं एक्सेप्ट लावलं तर डुप्लिकेट ओळी निसटतात. क्रम मागितला असेल तर तो वेगळा तपासावा लागतो.

पण खरी मेख डेटात आहे. मुलांना दिलेल्या डेटावर चुकीची क्वेरीही बरोबर उत्तर देते. तपासणीसाठी दुसरा, न दाखवलेला डेटा ठेवा. त्यात मुद्दाम घाला: एक नल (माहितीच नसलेली जागा), दोन बरोबरीचे टॉपर, एकही तिकीट नसलेला मार्ग, एकाच नावाचे दोन प्रवासी. "एकही आरक्षण नसलेले मार्ग" ही क्वेरी बहुतेक जण नॉट इन लावून लिहितात. आतल्या यादीत एक नल आला की उत्तर रिकामं येतं. नॉट एक्झिस्ट्स किंवा लेफ्ट जॉइन (जोडी न सापडलेल्या ओळीही ठेवणारी जोडणी) वापरणारे वाचतात. एकदा गुण गेले की नल कायमचा लक्षात राहतो. असा चुका पकडणारा डेटा आपोआप तयार करण्यावर आयआयटी मुंबईत एक्सडेटा नावाचं काम झालं आहे. विषयात खोल जायचं असेल त्यांनी ते जरूर पाहावं.

एआयबद्दल: घरच्या कामाला बंदी घालून उपयोग नाही, तपासता येत नाही. लॅबमध्येच बदल करायला लावा. मुलाने दिलेली क्वेरी चालवायची आणि एक अट बदलायची: "आता शून्य तिकिटं असलेले मार्गही दिसू दे." इनर जॉइनचा लेफ्ट जॉइन करावा लागतो आणि काउंट स्टारऐवजी तिकीट क्रमांकाचा काउंट घ्यावा लागतो, नाहीतर शून्याच्या जागी १ येतो. ज्याला स्वतःची क्वेरी कळली आहे तो दोन मिनिटांत करतो. एकाला ३ मिनिटं, बॅचमध्ये २०, म्हणजे एक तास. चार तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये हे दर दोन आठवड्यांनी बसतं.

---

मस्टर

गुणांच्या नोंदीबद्दल. पहिल्या चाचणीपासून गुण प्रश्ननिहाय ठेवा, फक्त बेरीज नको. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) किंवा विभागाच्या फाइलसाठी वर्षअखेरीला सीओ अटेनमेंट (विषयाची ठरवलेली फलितं, म्हणजे सीओ, किती साधली ते) मागतात आणि ते काढायला कोणता प्रश्न कोणत्या सीओचा आणि त्यात कुणाला किती, हे लागतं. बेरजेवरून ते मागे जाऊन काढता येत नाही आणि मग आकडे बनवले जातात. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रश्नाला एक कॉलम, वरच्या ओळीत सीओचा क्रमांक. चाचणीमागे दहा मिनिटांचं जास्तीचं काम.

सीओ लिहिताना "समजणे", "जाणून घेणे" टाळा, ते मोजता येत नाही. "दिलेल्या वर्णनावरून ईआर आकृती काढून ती तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंतच्या टेबलांत उतरवणे" हे मोजता येतं. चार किंवा पाच पुरे. आठ लिहिले तर आठांचेही प्रश्न परीक्षेत यावे लागतील.

गुणविभागणी ३०:७० असेल तर २ क्रेडिटच्या ५० गुणांत इंटर्नल १५. त्यात दोन चाचण्या, असाइनमेंट आणि हजेरी असं कोंबू नका, प्रत्येकाला तीन-चार गुण येतात आणि कशालाच वजन राहत नाही. १० ची एक चाचणी आणि ५ चं एकच काम.

मसुदा आधी विभागात, मग अभ्यास मंडळात, मग विद्या परिषदेत. मंडळाच्या बैठकीआधी तो विषयपत्रिकेसोबत सदस्यांकडे जातो, त्यामुळे बैठकीच्या आदल्या दिवशी दिलेला मसुदा पुढच्या बैठकीवर जातो. नमुना प्रश्नपत्रिका सोबत जोडा. मंडळातल्या बाहेरच्या सदस्यांचे निम्मे प्रश्न ती पाहून सुटतात.

---

पोर्ट_५४३२

डेटाबद्दल एक राहिलं. काही नावं देवनागरीत ठेवा. "पुणे" या शब्दाची लांबी काढायला सांगा. पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ ४ देतो, कारण प, उकार, ण, मात्रा हे चार कोडपॉइंट (संगणकासाठी वेगळी चिन्हं). ऑक्टेट लेंग्थ (बाइटमधली लांबी) १२ देतो, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) प्रत्येकाला ३ बाइट. मारियाडीबीमध्ये मात्र साध्या लेंग्थलाच १२ येतात, तिथे कॅरेक्टर लेंग्थ वापरावं लागतं. डोळ्यांना अक्षरं दोनच दिसतात. नावाचा कॉलम किती लांबीचा ठेवायचा, हे त्यानंतर विचारा.

डेटाबेस बनवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघून घ्या. विंडोजच्या कमांड खिडकीत पीएसक्यूएलमध्ये देवनागरी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली तर डेटा बिघडला असं लगेच समजू नका. आधी ऑक्टेट लेंग्थ पाहा. "पुणे"साठी १२ आली तर डेटा शाबूत आहे, फक्त खिडकीचा फॉन्ट किंवा कोडपेज चुकलंय. ४ आली तर साठवतानाच प्रश्नचिन्हं झाली आहेत आणि ती ओळ पुन्हा भरावी लागेल.